सोंगातलं बोलणं

१० मे, शुक्रवार

पोचले एकदाची. आगरदांड्याला फेरीत गाडी उलटी चढवताना प्रॉडक्शनच्या ड्रायव्हरने इतकी देवाची नावं घेतली की मलाही पाठ झाली. शेजारी आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो होता, त्याच्या वासावर खाडी पार झाली. दिघीला उतरून चढ चढलो की उजव्या हाताला घर. ड्रायव्हर मला सोडून तसाच परत फिरला.

ज्या घराच्या नावाने मी मुंबईत दोन महिने किंचाळले ते घर पिस्ता रंगाचं निघालं. वलीभाईंनी दोह्याच्या कमाईवर बांधलेला दुमजली बंगला, पांढऱ्याशुभ्र फरशा, बाथरूममध्ये गीझर. वर्षा-दोन वर्षांतून रमजानात ते येतात, एरवी कुलूप. गेल्या वर्षी आमच्या लोकांनी शूटिंगसाठी घेतलं तेव्हा आर्टवाल्यांनी भिंतींवर बुरशी रंगवली आणि डिंकाची कोळिष्टकं लावली. ती खरवडता खरवडता सोनूबाईंची नखं गेली म्हणे. सोनूबाई म्हणजे घर सांभाळणाऱ्या बाई, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि जिभेवर शिव्या. आल्या आल्या मला कोकम सरबत दिलं आणि चांगल्या हिरव्या भिंती काळ्या करणारी माणसं डोक्याने बरी असतात का, असं विचारलं.

सिनेमाची हकीकत लिहून ठेवते, म्हणजे मी इथे का आले ते मलाच नंतर आठवेल. विधवा बाई आणि तिचा लहान मुलगा एका घरात राहायला येतात. घर मुलाला हाका मारतं, कधी कधी तर आईच्याच आवाजात. शेवटी बाई पायरीवर बसून घराला शब्द देते की मुलाला सोड, त्याच्या बदल्यात मी राहते. इथवर अंगावर काटा येतो. मग शेवटच्या दहा मिनिटांत माळ्यावरून दीर उतरतो, हातात स्पीकर. सगळा जागेसाठी केलेला डाव, भूतबीत काही नाही. डोंगर पोखरून उंदीर. खासगी खेळाला प्रेक्षक चिडून निघून गेले, एकाने तर निर्मात्याकडे तिकीट नसतानाही पैसे मागितले.

मी डबिंग करते. असल्या सिनेमांत इतक्या बायकांना माझा आवाज दिलाय, की शेवट मी आधीच ओळखते. सगळं तिच्या मनात होतं. ती आधीच मेलेली होती. नाहीतर दीर. माणसाला दीड तास घाबरवून मग त्यालाच वेड्यात काढायचं, याचा मला मनापासून राग येतो. आता निर्मात्याला शहाणपण सुचलंय. नव्या शेवटात भूत खरं असेल. नायिकेला मराठी धड येत नाही, त्यामुळे आवाज पुन्हा माझाच. या वेळी स्टुडिओत नाही, याच घरात. फैझानचा हट्ट. तो आमचा साउंडवाला. त्याचं म्हणणं, रिकाम्या घराचा घुमारा कुठल्याही यंत्रातून काढता येत नाही. त्याची खाला, म्हणजे मावशी, दिघीतच राहते, तो तिच्याकडे उतरलाय.

पुढच्या शनिवारी रितेश आमच्या ठमीला घेऊन येणार. पोरीला सुट्टी लागल्यापासून समुद्र हवा आहे. फोनवर तिने विचारलं की भूत दाखवशील ना. म्हटलं, गीझर दाखवते.

११ मे

आज कामाला सुरुवात. सोनूबाई भाचीच्या हळदीला म्हसळ्याला गेल्या आहेत, त्यामुळे घरात मी आणि फैझान दोघंच. पंखे बंद, फ्रिज बंद, खिडक्यांना गाद्या. घामाने भिजून मी किंचाळत होते आणि तो कानाला हेडफोन लावून शांतपणे केळ्याचे वेफर्स खाऊ की नको असा विचार करत होता.

दुपारी शब्द देण्याचा प्रसंग नव्याने घेतला. सिनेमात नायिका मागच्या दाराच्या पायरीवर बसते, म्हणून फैझानने मलाही तिथेच बसवलं. वाक्यं साधी आहेत. "माझ्या लेकराला सोड. त्याच्या बदल्यात मी इथे राहते. तू हाक मारशील तेव्हा ओ देईन." पहिले काही टेक कोरडे गेले. रडू यावं म्हणून मी माझी नेहमीची युक्ती केली, ठमीला डोळ्यांसमोर आणलं. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात, आपलं दुःख काढून दुसऱ्याच्या तोंडात घालायचं. मग वाक्य असं आलं की माझे मलाच हुंदके आवरेनात. फैझानने हेडफोन काढले आणि हात दाखवला. काटा आला होता.

नंतर आम्ही फेरीच्या धक्क्यावर जाऊन भुर्जीपाव खाल्ला. काम चांगलं झालं की मला अघोरी भूक लागते.

१२ मे

सोनूबाई परत आल्या. मी हौसेने कालची गोष्ट सांगितली, तर त्यांचा चेहरा पडला. पायरीवर बसून बोललीस का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "बाय, मग सोंग उतरवलंस का न्हाय?"

ही त्यांच्याकडची रीत. त्यांचे यजमान दयाराम गावच्या नमन-खेळ्यांच्या मंडळात सोंग घेतात. सोंगात कुणी शपथ घेतली, नवस बोलला, शब्द दिला, तर खेळ संपल्यावर सोंग्याने त्याच जागी नारळ वाढवायचा आणि स्वतःचं नाव घेऊन सांगायचं की मी अमुक, हे सोंगातलं बोलणं होतं, धरू नको. जागेला सोंग कळत नाही, तिला फक्त शब्द ऐकू येतात. शूटिंगच्या वेळी दयारामांनी नायिकेकडून हे सगळं करून घेतलं होतं. युनिट हसलं होतं म्हणे. काल मात्र कॅमेरा नाही, मेकअप नाही, साडी नाही. त्यामुळे हे सोंग आहे असं आम्हाला वाटलंच नाही. आम्ही त्याला डबिंग म्हणतो.

मी हसण्यावारी नेलं. सोनूबाईंनी मात्र दयारामांना विचारते म्हणून सांगितलं. ते बोटीवर गेलेत, चार दिवसांनी येतील. मी म्हटलं येऊ देत, नारळ मी आणते, खोबरं दोघी वाटून घेऊ. त्या हसल्या नाहीत.

घसा थोडा बसलाय. किंचाळण्याचं मोल.

१३ मे

दुपारी जेवून वरच्या खोलीत पडले होते. खालून माझा आवाज आला. "ये बाळा, ये ना." घर मुलाला बोलावतं ते सिनेमातलं वाक्य, मीच केलेलं. फैझान काम ऐकत असेल असं वाटलं. त्याला चहा विचारायला खाली गेले, तर लॅपटॉप मिटलेला आणि फैझानची चप्पल दारात नाही. तो खालाकडे जेवायला गेला होता.

मागचं दार सताड उघडं होतं. सोनूबाई शपथेवर सांगतात की त्यांनी कडी लावली होती. वाऱ्याने उघडलं असेल, पण आज पान हलत नव्हतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस. संध्याकाळी रितेशला फोन करून सांगितलं तेव्हा तो खूप हसला. मीही हसले, पण सांगताना आणि हसताना, दोन्ही वेळा आवाज फाटला.

१४ मे

पुन्हा. आज दोनदा, एकदा तर सोनूबाई आणि मी मासे साफ करत असताना. त्यांनीही ऐकलं. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. आवाज मागच्या खोलीतून आला आणि तो माझाच होता. वाईट म्हणजे गोड होता, मला सध्या जमत नाही इतका.

त्यात भर म्हणजे माझी विचित्र सवय झाली आहे. आवाज आला की मी ओ म्हणते. ठरवून नाही, शिंक येते तसं तोंडातून जातं. आणि ओ दिला की घसा आणखी बसतो. दुपारी गरम पाणी, मध, ज्येष्ठमध, सगळं झालं.

रितेशला सांगितलं की शनिवारी येऊ नका. घसा धरलाय, मजा येणार नाही. ठमी फोनवर रडली. तिला रडवून मलाच रडू आलं. पण मी इथून काम सोडून निघाले तर निर्माता दुसरी बाई घेईल, आणि मी राहिले तर निदान ती इथे नसावी. मला या घराची भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

१५ मे

सापडला. दीर सापडला.

फैझानला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी पांढरा पडला, मग डोकं चालवून माळ्यावर चढला आणि एक काळा स्पीकर घेऊन उतरला. सिनेमातला तोच, दिराच्या हातातला. आर्टवाले विसरून गेले होते. फैझानचा तर्क असा की त्याचा लॅपटॉप झाकण मिटलेलं असलं तरी कधी कधी आपोआप अशा स्पीकरला जोडला जातो, आणि जे शेवटचं वाजवलेलं असेल ते मध्येच वाजतं. त्याच्या घरी एकदा रात्रभर पाद्यपूजेचा मंत्र वाजला होता, अम्मी किती घाबरली होती, वगैरे.

मी जमिनीवर बसून हसले. दीड तास घाबरवून शेवटी माळ्यावरून स्पीकर. ज्या शेवटाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या तो आज माझ्या वाट्याला आला, आणि इतका सुंदर शेवट मी पाहिलेला नाही. त्या प्रेक्षकांना काय कळतंय. घरात कुणी नव्हतं, हे ऐकण्यासारखं सुख नाही. माळ्यावर दीर असेल तर त्याला मी स्वतः चहा करून देईन.

लगेच रितेशला फोन लावला. घोगऱ्या आवाजात सांगितलं, शनिवारी या, दोघंही या, पोहायचे कपडे आणा. ठमीचा आनंद इतका मोठा होता की फोन कानापासून लांब धरावा लागला.  जाताना मागच्या दाराला सोनूबाईंनी आणखी एक कुलूप लावलं.

१६ मे

स्पीकर पोकळ आहे.

फैझान त्यातली बॅटरी काढून ठेवायला बसला होता. मागचं झाकण उघडलं तर आत यंत्रच नाही. वजन यावं म्हणून कोंबलेली वर्तमानपत्रं आणि अर्धी वीट. सिनेमात दाखवायला केलेलं नुसतं खोकं. त्यातून कधीच काही वाजलेलं नाही.

फैझानने शनिवारचं रेकॉर्डिंग लावलं. मी दिलेला शब्द, शेवटचा टेक. माझं वाक्य संपतं, "ओ देईन." मग शांतता. मग त्या शांततेत कुणीतरी अगदी जवळून, माइकला ओठ लावल्यासारखं, माझ्याच आवाजात म्हणतं, "बरं." फैझानने सामान तिथेच टाकलं. असलं काही उतरवणाऱ्या त्याच्या मामूंना घेऊन येतो म्हणाला आणि दुपारच्या फेरीने गेला.

दयाराम बोटीवरून तसेच इकडे आले. पायरीवर नारळ ठेवला. मी नाव सांगायचं, आणि सोंगातलं बोलणं होतं म्हणायचं, एवढंच. दोन वाक्यं. तोंड उघडलं.

आवाज नाही. घोगराही नाही. नुसती हवा. संध्याकाळपर्यंत प्रयत्न केले, घशातून रक्ताची चव आली. दयाराम म्हणाले, दुसऱ्याने बोलून चालत नाही, लिहून चालत नाही. ज्या तोंडाने दिला त्याच तोंडाने मागे घ्यायचा. नाहीतर पाळायचा. मी वहीत लिहून दाखवलं, दोन्ही नाही केलं तर. ते म्हणाले, "तर मंग ज्याला सोड म्हनलंस, त्याला ही जागा धरते, बाय."

सिनेमात तो मुलगा होता. पण बोलताना माझ्या डोळ्यांसमोर ठमी होती.

१७ मे

रितेशला सकाळपासून लिहितेय. येऊ नका. काहीही झालं तरी येऊ नका. त्याने हसणारे चेहरे पाठवले. मग लिहिलं, अगं आत्ताच तर फोनवर तू छान बोललीस, घसा बरा झालाय म्हणालीस, आणि मी असे मेसेज टाकून आम्हाला घाबरवणार आहे हेही तूच सांगितलंस.

मी फोन केला नाही. मी फोन करू शकत नाही. सोनूबाईंनी केला, तर युनिटमधलं कुणीतरी असेल असं समजून तो हसला.

इथून निघायचं, वाटेतच त्यांना गाठायचं ठरवलं. पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेले. सोनूबाई पुढे. मागून माझ्या नावाची हाक आली, क्रांती. नंतरचं आठवत नाही. भान आलं तेव्हा मी मागच्या पायरीवर बसले होते. सोनूबाई सांगतात की मी वळले आणि पळत गेले, त्यांचा हात झटकून.

चार वेळा केलं. चार वेळा पायरी.

आता सोनूबाईही आत येत नाहीत. जेवण फाटकावर ठेवतात. उद्या सकाळपासून दयाराम धक्क्यावर उभे राहतील. ठमीचा फोटो दिलाय. फेरीतून गाडी उतरली की परत फिरवायची.

आवाज आता ठमीचं नाव घेतो. ते नाव मी या घरात रेकॉर्ड केलेलं नाही. घरचं नाव आहे. मी ज्या सुरात म्हणते, शेवटचं अक्षर लांबवून, त्याच सुरात—

१८ मे

सकाळ. रितेशचा मेसेज. फेरी बंद आहे असं तूच सांगितलंस, म्हणून माणगाव-म्हसळ्यावरून येतोय. पोचतोच.

फेरी चालू आहे. मला इथून दिसतेय. दयाराम धक्क्यावर उभे आहेत, पाठ इकडे.

ओरडता येत नाही—

माळ्यावर जाऊन आले. उगीच. वाटलं, कुणीतरी असेल. दीर असेल, फैझान असेल, कॅमेरा लावून बसलेला कुणी. म्हणेल, फसलीस. मी पाया पडेन त्याच्या. फालतू शेवट असू दे. मी चिडणार नाही—

माळ्यावर कुणी नाही.

गाडी. वळणावर.

फाटकाशी थांबली. सोनूबाई गाडीला आडव्या गेल्यात, रितेश काच खाली करून हसतोय. त्याला वाटतं युनिटची कुणी. ठमी गाडीच्या मागच्या दाराने उतरली. पिवळा फ्रॉक.

मी गॅलरीत. दोन्ही हात हलवतेय, जा, जा. तीही हात हलवतेय. उड्या मारून.

खालून माझा आवाज. लाडातला. ये गं ठमे.

ती म्हणाली, आले आई.

ओ दिला तिने—

रितेश, ही वही तुझ्या अंगावर टाकतेय. आधी तिला उचल, गाडीत घाल, मग वाच. आत येऊ नको. मला शोधायला येऊ नको.

मी शब्द पाळते. मागच्या पायरीवर जाते. मी राहिले की तिला सोडेल. असंच बोलले होते मी. सोडायलाच हवं—

घशात काहीतरी आलंय. एका ओपुरता आवाज. दिलाय घराने.

ठमीला सांग. माझ्या आवाजात कुणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही. घरात, शाळेत, फोनवर, कुठेच. रडून मारली तरी. लाडाने मारली तरी. मोठी झाली तरी. ती मी नसेन. मी तिला कधीच हाक मा